नर्मदेनं घातलेलं गाऱ्हाणं

तारकर्लीची नर्मदा मेथर मालवणच्या बाजारात मासे घेऊन बसते त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. चौथीपर्यंत शिकलेली, अंगानं किरकोळ, डाव्या कानानं कमी ऐकणारी. त्यामुळेच असेल, बोलते मात्र मोठ्यानं. तिनं “बांगडे ताजे आसत” म्हटलं की एसटी स्टँडवरच्या माणसालाही कळतं, असं बाजारातल्या बायका चेष्टेनं म्हणतात. नवरा शंकर काविळीनं गेला तेव्हा मुलगी भक्ती सात वर्षांची होती. त्या आवाजाच्या बळावरच नर्मदेनं तिला नर्सिंगपर्यंत शिकवलं.

अशी ही नर्मदा गेल्या कार्तिकात महिनाभर खालच्या आवाजात मासे विकत होती. गिऱ्हाईक विचारायचं, “काय गो, आवाज बसलो काय?” ती नुसती मान हलवायची.

सुरुवात झाली ती नारळी पौर्णिमेला. त्या दिवशी दर्याला नारळ द्यायच्या आधी वाडीतर्फे गाऱ्हाणं घालायचा मान तिच्या सासऱ्यांचा, धोंडू मेथरांचा. ओल्या वाळूत उभं राहून धोंडू एकेक मागणं मोठ्यानं म्हणायचे आणि मागची माणसं प्रत्येक मागण्याला “व्हय म्हाराजा” अशी साद द्यायची. वाडीचं सुखदुःख, रोगराई, वैरी, सगळं त्यात यायचं. पण दोन वर्षांपूर्वी धोंडूंवरून वारं गेलं आणि जीभ जड झाली. गेल्या वर्षी नारळ मुक्यानंच पाण्यात गेला. यंदा खुर्चीत बसवून आणलेल्या म्हाताऱ्यानं एकाएकी तो नारळ सुनेच्या हातात दिला. बाईनं गाऱ्हाणं घालायची रीत नाही. माणसं एकमेकांकडे बघू लागली. नर्मदेनं पदर खोचला.

“बा देवा दर्या म्हाराजा! तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत!”

“व्हय म्हाराजा!”

“जे कोण दिव्यांचो झगझगाट करून अंड्यावरचो मासो उपसून नेतत, तेंचे दिवे विझांदेत, तेंची जाळी फाटांदेत!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि जे कोण खुर्येत बसान ह्या सगळ्याकडे डोळे मिटून बघतत, तेंची झोप उडांदे!”

त्या “व्हय म्हाराजा”नं माडांवरचे कावळे उडाले. सरकारनं बंदी घातलेल्या एलईडी दिव्यांच्या बोटी किनाऱ्यालगत येऊन मासा ओढून नेतात, हे दुखणं सगळ्या वाडीचं होतं. भक्तीनं ते सगळं फोनवर घेतलं आणि आपल्या नावानं इंटरनेटवर टाकलं. आठ दिवसांत लाखांवर माणसांनी ते पाहिलं. मुंबईहून, पुण्याहून, आखातातून मालवणी माणसं खाली एकच ओळ लिहू लागली, जणू तीही वाळूत मागे उभी होती: व्हय म्हाराजा.

मग एका मंगळवारी दुपारी ते दिसेनासं झालं. चित्राच्या जागी काळी चौकट, आणि तीत लिहिलेलं की कायदेशीर आदेशामुळे ही चित्रफीत भारतात उपलब्ध नाही. संध्याकाळी शेजारच्या ईडा लुद्रिकच्या मुलाचा, जेरीचा, कुवेतहून फोन आला.

“नर्मदामावशे, माका हय दिसता मगो!”

“तुका कुवेतात दिसता, आणि माका माझ्या घरात दिसना नाय?”

“हय तुझो आवाज माझ्या अरबानपण ऐकलो.”

नर्मदा हसली. पण फोन ठेवल्यावर तिला कसंसंच वाटलं. आपल्याच घरातून आपल्याला कुणी उचलून बाहेर ठेवावं तसं.

ईडाचा नवरा पेद्रू लुद्रिक हा पारंपरिक मच्छीमारांच्या संघटनेचा सचिव. मितभाषी, सावकाश चालणारा, आणि कागद लिहिण्यात वकिलाला मागे टाकणारा. आदेश कुणी काढला, का काढला, त्याची प्रत द्या, असा अर्ज त्यानं केला. उत्तर आलं, आदेश गोपनीय आहे. त्यानं दुसरा अर्ज केला.

अशातच धक्क्यावर नांगरलेल्या एका एलईडी बोटीचे दिवे कुणीतरी दगडांनी फोडले. कुणी, ते आजवर कळलेलं नाही. पण त्या दिवसापासून वाडीच्या पायाखालची वाळू सरकली. लोकांनी आपापलं “व्हय म्हाराजा” पुसून टाकायला घेतलं, पण चौकटच काळी झाल्यावर पुसायचं कुठे, ते कुणाला कळेना. ईडा काही बोलायचं असलं की आधी फोन तांदळाच्या डब्यात टाकून झाकण लावायची. बाजारात नर्मदेशेजारच्या बाईनं आपली टोपली हातभर पलीकडे सरकवली. “ऊन लागता गो,” म्हणाली. त्या जागी ऊन कधीच येत नाही.

आणि मग नर्मदेच्या नावानं नोटीस आली. किनारा तपास कक्ष, वेंगुर्ले. गुरुवारी अकरा वाजता, चित्रफीत घेतलेल्या फोनसह हजर राहावं.

भक्ती नुकतीच सरकारी परिचारिका म्हणून निवडली गेली होती. राहिली होती ती फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी. नर्मदेला धास्ती होती ती नोटिशीची नव्हे, त्या राहिलेल्या कागदाची.

बुधवारी ईडा कुंपणाशी आली. तिनं फोन घरीच ठेवला होता.

“नर्मदा, तेंका तू नको आसस. तेंका पेद्रू होयो. ता गाऱ्हाणा पेद्रून लिहून दिल्यान, असा तुझ्याकडसून वदवून घेऊक बघतले.”

“असा कोण म्हणता?”

“पेद्रूच म्हणता.” ईडाचे डोळे भरले. “आणि तुका सांगूक सांगल्यान, भक्तीसाठी माझा नाव घेतला तरी चलात. तेना पिशवी भरून दाराकडे ठेवल्यान. दोन शर्ट आणि प्रेशरच्ये गोळये.”

नर्मदेनं कुंपणापलीकडे त्यांच्या दाराकडे बघितलं.

तपास कक्ष होता एका काजूच्या कारखान्यावरच्या माडीवर. भाजलेल्या टरफलांच्या धुरानं जिना काळवंडला होता. सोबत आलेल्या भक्तीला खालीच थांबवलं. वर बाकावर दोन-तीन माणसं आपापले कागद घेऊन बसली होती आणि दाराशी हवालदार बाबली उभे होते. देवबागचे, निवृत्तीला सहा महिने राहिलेले. दर रविवारी नर्मदेकडून मासे घेणारे. आज त्यांनी ओळख दाखवली नाही. तिलाही ते बरंच वाटलं.

उपनिरीक्षक बोधे तरुण होते, घाटावरचे. आवाज चढवला नाही, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या पाण्यानंच नर्मदेला जास्त भीती वाटली.

“मावशी, ‘दिवे विझू देत’ असं तुम्ही म्हणालात. पुढे दिवे खरंच फुटले.” त्यांनी कागदांचा गठ्ठा पुढे केला. “आणि या दोनशे चौदा जणांनी त्याखाली होकार लिहिला.”

“तो होकार नाय, सायबानू. गाऱ्हाण्याक तसाच म्हणतत. ती रीत आसा.”

“रीत मला माहीत आहे. पण कागदावर तो होकारच दिसतो.” ते थोडे पुढे झुकले. “तुम्ही चौथी शिकलेल्या. खुर्चीत बसून डोळे मिटणारे वगैरे, हे तुमचे शब्द वाटत नाहीत. लुद्रिकनं लिहून दिलं, एवढं सांगा. तुम्ही मोकळ्या. मुलीच्या पडताळणीचा कागद याच टेबलावर आलाय. मी आजच पुढे पाठवतो.”

टेबलावर खरंच भक्तीचा फोटो लावलेला कागद होता. केस चापून बसवलेले, कानांत नर्मदेचीच कुडी. तो फोटो काढला त्या दिवशी दोघींनी बाजारात आइस्क्रीम खाल्लं होतं. नर्मदेला वाटलं, एकच तर नाव. पेद्रू स्वतःच म्हणालाय. मग दाराकडे ठेवलेली ती पिशवी तिच्या डोळ्यांपुढे आली.

“कोणी लिहून दिला नाय,” ती म्हणाली. “गाऱ्हाणा लिहितत नाय, सायबानू. उभ्या उभ्या येता.”

“मग म्हणा. आता. इथेच.” धूर आत येत होता म्हणून बोधे खिडकी लावायला उठले. “मी ऐकतोय.”

नर्मदा उभी राहिली. हातात नारळ नव्हता. “बा देवा...” इतकंच आलं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. दर्याऐवजी समोर फायलींचं कपाट होतं. तिनं डोळे मिटून घेतले आणि सासऱ्याचं वाकडं झालेलं तोंड आठवलं. तिसऱ्या खेपेला आवाज निघाला तो अठ्ठावीस वर्षांचा बाजारातला आवाज.

“बा देवा दर्या म्हाराजा! आज तुझा लेकरू तुझ्यापासून लांब, परक्या खोलयेत उभा आसा!”

“व्हय म्हाराजा!”

खोली थिजली. साद दारातून आली होती, भरदार, जन्मभर वाळूत उभं राहिलेल्या माणसाची. नर्मदेनं डोळे उघडले. हवालदार बाबलींनी हात तोंडावर दाबून धरला होता. चेहरा पांढराफटक. बाकावरची माणसं आपापल्या चपलांकडे बघत होती.

बोधे खिडकीपासून गर्रकन वळले. तोवर तो हात खाली आला होता.

“कोण बोललं?”

बाकावरच्या एकानं आपले कागद सरळ केले.

“मावशी, तुमच्या डावीकडून आवाज आला. कोण बोललं?”

पुन्हा नावच. नर्मदेनं डाव्या कानाला बोट लावलं. “ह्या कानान माका ऐकूक येना नाय, सायबानू. लहानपणापासून.”

बोधे बसले आणि स्वतःच जबाब लिहिला: शब्द माझे आहेत, कुणी लिहून दिलेले नाहीत. “सही करा. फोन इथेच राहील.” भक्तीचा कागद त्यांनी उचलून गठ्ठ्याच्या तळाशी घातला. तिला दिसेल असा, सावकाश.

नर्मदेनं नाव लिहायला फार वेळ घेतला. मेथरमधला ‘थ’ दोनदा गिरवावा लागला.

फोनची पावती द्यायला बाबली जिन्यापर्यंत आले.

“नर्मदा,” ते कुजबुजले, “माझा पेन्शन...”

“बांगडे येतले रविवारी,” ती म्हणाली. “लवकर या.”

खाली भक्तीनं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि काय ते ओळखलं. तरी विचारलं, “पेद्रूकाकांचा नाव घेतलंस?”

“नाय.”

“माझो कागद?”

“खाली घातल्यान. तळाक.” नर्मदेनं तिचा हात धरला. “बाय, माझ्यावर रागावतंस?”

भक्ती डोळे पुसून म्हणाली, “मालवणची गाडी दोन वाजता आसा. चल, आधी काय तरी खा.”

याला चार महिने झाले. भक्तीचा कागद अजून आलेला नाही. ती एका खाजगी दवाखान्यात जाते. गाऱ्हाणं कुवेतात दिसतं, तारकर्लीत दिसत नाही. आदेशाची प्रत मागणारा पेद्रूचा तिसरा अर्ज गेला, त्यावर यावेळी आणखी एक सही आहे, दोनदा गिरवलेल्या ‘थ’ची. पिशवी अजून ईडाच्या दाराशीच असते. बाजाराबाहेर पोलिसांची मोटारसायकल थांबली की नर्मदेचा आवाज अजूनही मध्येच तुटतो, आणि गाडी निघून गेल्यावर सुरू होतो.

दर रविवारी हवालदार बाबली येतात. ते आता तिच्या डाव्या बाजूला, त्या कानाकडे उभे राहतात.