हर्मासच्या मातीचा कार्यक्रम

टोरोंटोपासून गाडीने पाच तासांवरच्या रापिद-नुआर गावात पुढच्या दारावर कोणी थाप मारत नाही. ऑक्टोबर सरता सरता त्या दाराच्या फटींत चिंध्या कोंबायच्या, वरून प्लास्टिक ठोकायचं आणि मे उजाडेपर्यंत तिथे भिंतच आहे असं समजायचं, ही इथली रीत. येणारा मागून, स्वयंपाकघरातून येतो, बूट पायपुसण्यावर काढतो आणि न विचारता खुर्ची ओढतो. म्हणून १९९१च्या एप्रिलातल्या त्या मंगळवारी सकाळी पुढच्या दारावर टकटक झाली तेव्हा एक्सिल्दा पिशेचं उलथणं तव्यावरच थांबलं. कुट्टूच्या पिठाचं धिरडं एका बाजूने करपलं.

"अगं बाई, कोण मेलं?" शेजारची आल्देआ चहाचा कप हातात धरून म्हणाली. पुढच्या दारावर थाप म्हणजे पोलीस, नाहीतर तार.

"मरायचं ते जानेवारीतच मेलं," एक्सिल्दा म्हणाली. "हा कोणीतरी टोरोंटोचा असणार. बाकी कोणाला एवढी अक्कल नसते." आणि ती ओरडली, "मागून या! मागून!"

मागून यायचं म्हणजे घराला वळसा घालून, एप्रिलातल्या कुजक्या बर्फातून. खिडकीतून दोघींनी पाहिलं. एक उंच, गोरापान, पन्नाशीचा माणूस कचेरीतले चकचकीत बूट घालून गुडघ्यापर्यंत रुतत होता. छातीशी त्याने एक खोकं तान्ह्या मुलासारखं धरलं होतं.

"बूट तरी बघ मेल्याचे," आल्देआ म्हणाली. "लग्नाला निघालाय जसा."

त्याचं नाव वेंडेल ॲस्टली. एक्सिल्दाच्या प्रोटेस्टंट चर्चच्या टोरोंटोतल्या मुख्य कचेरीत 'फ्रेंच भाषक मंडळ्यांची सेवा' असं एक खातं होतं, त्याचा तो प्रमुख. त्या खात्याची समिती वर्षातून चारदा भरायची आणि फ्रेंच माणसांबद्दल अतिशय कळकळीने इंग्रजीत बोलायची. एक्सिल्दाला हे ठाऊक होतं, कारण बैठकीचं इतिवृत्त तिला टपालाने येई आणि ती ते चुलीत घाली.

"मादाम पिशे," तो कमरेत वाकून मोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाला, "मी फार आनंद आहे तुमच्या घरात होऊन."

"बूट काढा आधी," एक्सिल्दा म्हणाली.

तो का आला होता, हे तिला नीट माहीत होतं. तिनेच तीन आठवड्यांपूर्वी पत्र टाकलं होतं. चार ओळींचं. अकरा मेला, शनिवारी, माझ्या नवऱ्याला माती द्यायची आहे. फ्रेंचमधून विधी करणारा पाळक पाठवाल का? नसेल तर तसं कळवा. कळवा म्हटलं होतं. या म्हटलं नव्हतं.

रापिद-नुआरमध्ये हिवाळ्यात मेलेल्याला लगेच पुरता येत नाही. जमीन लोखंड झालेली असते, कुदळ उलटी हातावर येते. दफनभूमीच्या कोपऱ्यात विटांची एक बिनखिडक्यांची खोली आहे, तिथे शवपेट्या ओळीने ठेवतात आणि मे महिन्यात जमीन मऊ झाली की एकेकाला खाली उतरवतात. हर्मास पिशे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्या खोलीत होता. म्हणजे एक्सिल्दाचं वैधव्य सुरू झालं होतं, पण नवऱ्याला अजून निरोप द्यायचा होता.

जानेवारीत प्रार्थना झाली होती, नाही असं नाही. इंग्रजी मंडळीच्या चर्चमध्ये. कारण टेकाडावरचं फ्रेंच लाकडी चर्च कचेरीने आठ वर्षांपूर्वी बंद केलं आणि आता तिथे कुत्र्यांच्या खाण्याची पोती रचलेली असतात. नवा तरुण पाळक, गाल गुलाबी, हसरा. त्याने हर्मासला सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'हर्मन' म्हटलं. अर्धा तास कुठल्या तरी हर्मनचं गुणगान इंग्रजीत चाललं होतं आणि ज्याचं ते होतं तो बिचारा अडतीस वर्षं कागद गिरणीत इंग्रज मुकादमाच्या हाताखाली राबूनही त्या भाषेतले तीसच शब्द शिकला होता. त्यातले वीस शिव्यांचे.

आणि एक्सिल्दा? मांडीवर पर्स घेऊन ती पहिल्या बाकावर गप्प बसली होती. बाहेर पडताना त्या गुलाबी गालाशी तिने हातसुद्धा मिळवला, 'थँक यू' म्हणाली. इतर कोणाबद्दलही तिच्या मनात असेल नसेल एवढा तिरस्कार तिला त्या हाताबद्दल वाटत होता. स्वतःच्या.

"आमचा फादर दारू पितो," आल्देआ त्या दिवशी घरी परतताना म्हणाली होती, "पण मेलेल्याचं नाव तरी धड घेतो गं."

आल्देआ कॅथलिक. चाळीस वर्षं दोघींच्या परसांमध्ये एकच कुंपण. समोरची सरळ नरकात जाणार, याबद्दल दोघींच्याही मनात शंका नव्हती. तोवर साखर, यीस्ट आणि मुलांचे जुने कोट यांची देवघेव चालू होती.

कॅलगरीहून थोरल्याचा फोन आला तेव्हा एक्सिल्दाने जानेवारीचं दुखणं त्याला सांगून पाहिलं. तो इंग्रजीत म्हणाला, "मॉम, देवाला सगळ्या भाषा समजतात."

"देवाला समजतात रे," ती म्हणाली, "तुझ्या बापाला समजत नव्हत्या."

पण त्याला तरी काय बोलणार? या प्रांतात फ्रेंच शाळा म्हणजे कॅथलिक शाळा, आणि प्रोटेस्टंट मूल घालायचं तर इंग्रजी शाळेत. धर्म राखा नाहीतर भाषा राखा. पिशेंनी धर्म राखला. भाषेसाठी एक्सिल्दाने रोज संध्याकाळी तिन्ही मुलांना याच टेबलाशी बसवून पवित्र शास्त्र फ्रेंचमधून मोठ्याने वाचायला लावलं. चुकलं की कणीक लाटायचं लाटणं टेबलावर आपटायचं. मुलं शिकली, मोठी झाली आणि ज्या भाषेत नोकरी मिळाली त्या भाषेत निघून गेली.

ॲस्टलीने खोकं टेबलावर ठेवलं आणि दोरी सोडली. "आमची समिती," तो म्हणाला, "तुमची संस्कृती फार मान देते. म्हणून एक भेट. तुमच्या परंपरेतून."

भुशातून त्याने बाहेर काढली ती मारियामातेची मूर्ती. प्लास्टरची, हातभर उंच, निळा झगा, दोन्ही हात पसरलेले.

तव्यावरचं धिरडं धुमसत होतं. आल्देआने सवयीने कपाळावर, छातीवर क्रुसाची खूण केली आणि मग तिच्या लक्षात आलं आपण कोणाच्या घरात आहोत. तिने पदर तोंडात कोंबावा तसा हातरुमाल तोंडात कोंबला. तिचे खांदे हलायला लागले.

"फ्रेंच आहेत म्हणजे कॅथलिकच, असंच ना?" एक्सिल्दा हळू म्हणाली.

"मला वाटलं... वारसा..."

"बसा. वारसा सांगते तुम्हाला."

तिचा आजा क्वेबेकात नदीकाठच्या एका गावात शेती करायचा. खांद्यावर पेटी घेऊन हिंडणाऱ्या एका फेरीवाल्याकडून त्याने फ्रेंच बायबल घेतलं आणि घरी वाचायला लागला. फेरीवाल्याला पाठवलं होतं याच ॲस्टलीच्या चर्चच्या आजोबा-पणजोबांनी, कॅथलिकांना सुधारायला. आजा सुधारला. फादरने प्रवचनात नाव घेऊन त्याचा धिक्कार केला. दुसऱ्या दिवसापासून त्याचं दूध कोणी घेईना. गवताची गाडी ओढ्यात उलटली. त्याच्या मेलेल्या मुलीला गावच्या दफनभूमीत जागा मिळाली नाही. सफरचंदाच्या झाडाखाली तिला त्याने स्वतः पुरलं. आणि हे सगळं त्याने काय म्हणून सोसलं? तर मूर्तीपुढे गुडघे टेकणार नाही म्हणून.

"आणि आता शंभर वर्षांनी," एक्सिल्दा म्हणाली, "ज्यांनी ती सोडायला लावली तेच घरपोच आणून देताहेत. दोरी बांधून."

ॲस्टलीचे कान लाल झाले. "मला फार वाईट. आम्हाला कोणी सांगितलं नाही."

"विचारलंत कोणाला?"

"मला द्या हो ती," आल्देआ रुमालाआडून म्हणाली. "माझ्याकडे जिन्यावर जागा आहे. टोरोंटोच्या प्रोटेस्टंटांनी दिली म्हणून सांगेन फादरला. आठ दिवस पिणार नाही तो, घाबरून."

मूर्ती आल्देआच्या मांडीवर गेली. ॲस्टलीने घाईघाईने बॅगेतून एक टंकलिखित कागद काढला. एकदा कागद हातात आला की अशा माणसांना धीर येतो. त्याने समजावून सांगितलं: समितीने पत्राचा फार गांभीर्याने विचार केला आहे. हर्मास पिशे म्हणजे रापिद-नुआरच्या फ्रेंच मंडळीच्या ज्येष्ठ कारभाऱ्यांपैकी शेवटचे. तेव्हा अकरा मेचा दिवस नुसता दफनाचा न ठेवता दोन्ही भाषांच्या मैत्रीचा दिवस करावा. टोरोंटोहून बारा जण येतील. चर्चच्या मासिकाचा छायाचित्रकार येईल.

एक्सिल्दाने चष्मा लावला. स्वागत. दोन भाषांतून शुभेच्छा. फिडलवादन. नावाड्यांचं एक पारंपरिक गाणं, सर्वांनी मिळून. मुख्य कचेरीचं मनोगत. मंडळीच्या इतिहासावर चित्रफिती. दफन. मग मटणाच्या पाईचं जेवण.

"हर्मास सातवा आहे," ती म्हणाली.

"क्रम बदलू शकतो, अर्थात."

"नावाड्यांचं गाणं कोणाचं? हर्मासला पाण्याची भीती वाटायची. होडीत कधी बसला नाही."

"प्रतीक म्हणून."

"वाचणार कोण? विधी?"

यावर तो जरा ताठ बसला. हीच बातमी तो सगळ्यात शेवटी सांगणार होता. "मी," तो म्हणाला. "फ्रेंचमधून. दुसरी परीक्षा मी पास केली. आता तिसरी."

एक्सिल्दा उठली. कपाटातून तिने तिची जुनी प्रार्थनापुस्तिका आणली, पाठकोरी वेष्टनं घालून घालून फुगलेली. हिमवादळात पाळक अडकला की टेकाडावर याच पुस्तिकेतून तीच वाचायची. एकतीस वर्षं हार्मोनियमवर ती बसली, त्यात किमान साठ रविवार तिने असे निभावले. दफनविधीचं पान उघडून तिने त्याच्यापुढे ठेवलं.

"वाचा."

"आत्ता?"

"हर्मास नाहीये ऐकायला. आत्ताच वाचा."

त्याने वाचलं. एकेक शब्द चिमट्याने उचलल्यासारखा. ओळीच्या मध्येच श्वास संपे, तिथे तो थांबे, आणि जिथे थांबायचं तिथून धावत सुटे. मृताला मातीच्या स्वाधीन करतात त्या वाक्यापाशी येईपर्यंत आल्देआचा धीर सुटला. ती मूर्तीला कवटाळून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"आल्देआ, पुरे."

"अगं, तो उठून बसेल गं पेटीत! म्हणेल, परत म्हणा, काय म्हणालात!"

ॲस्टलीने पुस्तिका मिटली. "वाईट आहे," तो म्हणाला. हे वाक्य मात्र त्याने न अडखळता म्हटलं. "मी शिकतो आहे, मादाम."

"शिका ना," एक्सिल्दा म्हणाली. "जिवंत माणसांवर शिका. ती निदान तोंडावर हसतात."

तो खोटा माणूस नव्हता, हेच खरं तर तिला जास्त खुपत होतं. खोट्याला दारातून घालवता येतं. हा पाच तास गाडी हाकत आला होता, मोजे ओले करून बसला होता, आणि त्याच्या त्या निळ्या डोळ्यांत दिसत होतं की या म्हातारीचं भलं करूनच उठायचं असं त्याने ठरवलेलं आहे. अशा माणसांनीच टेकाडावरचं चर्च बंद केलं होतं, डोळ्यांत पाणी आणून. अशांनीच शेवटच्या फ्रेंच पाळकाला निरोपसमारंभ करून दक्षिणेला बदलून नेलं होतं. भलं करणाऱ्यांच्या तावडीतून सुटण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

"तर मग कसं करू या?" त्याने वही उघडली. "छायाचित्रकार नको? चालेल. तुमच्या आठवणी आम्ही टेपवर घेऊ शकतो. पितळी पाटी लावू शकतो, दोन्ही भाषांत. माँट्रिआलहून फ्रेंच पाळक बघतो. जूनमध्ये कदाचित मिळेल."

"जूनपर्यंत त्याला त्या खोलीत ठेवू?"

"नाही, नाही. मी फक्त... मादाम, आमचं काम ऐकण्याचं आहे. तुम्ही सांगा. काहीही सांगा."

एक्सिल्दाने तवा आचेवरून उतरवला. या चर्चच्या दफनभूमीत नेमलेल्या माणसाशिवाय विधी करायचा नाही, असा कचेरीचा नियम होता. कचेरीचं पत्र दाखवल्याशिवाय राखणदार फाटक उघडत नसे. जानेवारीत त्याच नियमाने तो गुलाबी गाल उभा राहिला होता. तिने हात ॲप्रनला पुसले आणि त्याच्या समोरची खुर्ची ओढून बसली.

"लिहा," एक्सिल्दा म्हणाली. "अकरा मेला तुम्ही कोणीही येऊ नका. हर्मासला माती देताना मी वाचीन. तेवढी परवानगी मला कागदावर लिहून द्या."