नैरोबीत मामांना कुणी गाव विचारलं

अनोळखी माणूस ही गोष्टच माझ्या मामांना मान्य नाही. समोरच्याचं नाव कळायच्या आधी त्यांना त्याचं गाव लागतं. चिंचवडच्या आमच्या कॉलनीत सगळेच कुठून तरी आलेले, त्यामुळे विचारतात सगळेच, पण मामांनी चाकणच्या चौकात गाडी अडवणाऱ्या हवालदारालाही "साहेब, गाव कोणतं?" विचारलं, आणि तो अंबाजोगाईचा निघाल्यावर दंड भरून वर त्यालाच चहा पाजला.

त्यांना विचाराल तर उत्तर ठरलेलं: लातूरकडचं एक खेडं, जिथं त्यांच्या घराचा आता नुसता ओटा उरलाय. चाकणच्या कारखान्यात प्रेस मशीन बसवण्यात जन्म गेला, तरी! याचाच मला संताप. कामगारांची चाकण-चिंचवड बस बंद झाली, माणसं वडापच्या मागं लोंबकळत घरी येऊ लागली, तेव्हा आम्ही पत्रकं काढली, सभा ठेवली. मामा म्हणाले, "आपण इथं पाहुणे हाव, लेका. पाहुण्यानं घरच्याच्या कारभारात बोलू नाही."

"पाहुणे? मग घाम कुणाचा गळतोय इथं?" मी भडकलो. असल्या पाहुण्यांच्या भिडेवरच ही शहरं मजेत चालतात, हे मी पत्रकात लिहिलंय आणि इथंही लिहितो. मामांनी त्या पत्रकाची घडी घालून त्यावर चहाचा कप ठेवला.

मग कंपनीनं त्यांना मशीन बसवायला नैरोबीला धाडलं. कॉलनीनं सिंहापासून जपायला सांगितलं. काय हे अज्ञान! पहिल्याच दिवशी घरच्या ग्रुपवर मामांचा आवाज आला: "अरे, सिंह कुठला! गारठा हाय, स्वेटर घालून बसलोय. इमारती एवढ्या उंच की मान दुखायली. आन् खाली आपलेच वडापवाले! गाडीवर रंगीत चित्रं, आत गाणी दणाणायलीत, कंडक्टर दारात लोंबकळून पत्र्यावर थापा मारायलाय. डोळे मिटले की चाकणचा चौक बघ. चपातीला चपातीच म्हणतेत, आन् मामीपेक्षा मऊ करतेत. हे तिला सांगू नको." मामी त्याच ग्रुपवर होत्या.

खोड तिथंही गेली नाही. आणि तिथं तर प्रत्येकाला गाव निघालं! हाताखालचा फिटर डोंगराकडचा, कँटीनवाल्या बाई तळ्याकाठच्या. सुटी लागली की सगळे पिशव्या भरून गावाकडं. मामा हरखले. एकदा जेवण वाढता वाढता बाईंनी उलट विचारलं, "आणि तुमचं?"

"तोंडातून चाकण निघालं की रे," परत आल्यावर मामा सांगत होते. "बाई म्हणाली, कसं हाय? म्हणलं, मोठमोठ्या कंपन्या हायत. म्हणाली, मग कामाला कसं जाता? आता स्वतःच्या गावाला बस नाही, हे परक्या मुलखात सांगायचं? लाज वाटली, लेका."

पुढच्या सभेला मामा पहिल्या रांगेत. माझं घणाघाती भाषण थांबवून ते उठले आणि समोर बसलेल्या बस खात्याच्या अधिकाऱ्याला म्हणाले, "साहेब, गाव कोणतं?"

"सांगोला," साहेब गडबडले.

"बस जाती?"

"जाते की."

"माझं चाकण. माझ्या गावाला जात नाही."

माझी सगळी पत्रकं एकीकडं आणि हे एकीकडं.

परवा बस सुरू झाली. मामा मात्र पुन्हा नैरोबीला, या वेळी लांबच्या मुक्कामाला. त्यांची खिडकीची जागा मी धरली, फोन लावला आणि कंडक्टरची घंटी ऐकवली.  पलीकडं मामा शेजारच्या कुणाला तरी हळूच सांगताना ऐकू आले, "माय व्हिलेज बस."