खांबावरचे चौदा ठिपके

गळ्यातली कार्डं काढून खांबाच्या खिळ्याला टांगा, असं त्या बायांना मीच सांगितलं होतं. हे आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. रोज मन खायचं असंही म्हणणार नाही; बरेच दिवस मी ते विसरायच्याच मागे होतो. आता विसरायचाही कंटाळा आला.

मारेगावकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी कॉम्प्युटरवर बसतो. काही हंगामांपूर्वी शेठजींनी नवं सॉफ्टवेअर आणलं. सरकी काढलेल्या रुईच्या प्रत्येक गठाणीला एक टॅग, आणि प्रत्येक माणसाच्या गळ्यात टॅगवालं कार्ड. छताला लावलेली यंत्रं ते टॅग वाचत आणि कोण कुठं आहे ते माझ्या स्क्रीनवर ठिपक्यांनी दिसे. गठाणी निळ्या, माणसं हिरवी. गठाण दिवसभर जागची हलली नाही तरी चालायचं. माणूस अर्धा तास हललं नाही की ठिपका लाल.

मशीनच्या रांगेत कापूस सारणाऱ्या चौदा बाया होत्या. डोक्यातोंडाला फडकं बांधून, वाकून काम. पहिल्याच आठवड्यात एकीच्या कार्डाची दोरी रोलरमध्ये ओढली गेली. नशीब, दोरी तुटली. मी धावत गेलो तेव्हा तिच्या मानेवर लाल वळ उठला होता. म्हणालो, "काढा ते गळ्यातलं. खांबाला खिळा आहे ना, तिथं टांगा. घरी जाताना घ्या."

बरोबरच सांगितलं होतं. सगळ्या प्रकरणात तेवढं एकच बरोबर केलं. पण शेठजींना कळवलं नाही. कार्डं वाटली होती मी, दोऱ्या निवडल्या होत्या मी. बोलणी मलाच बसली असती. टांगलेली कार्डं हलत नसल्यानं लाल झालेले चौदा इशारे रोज संध्याकाळी एकेक करून बंद करायचो आणि घरी जायचो.

त्या चौदांत एक होती, माहेर बाभुळगावकडचं, पन्नाशीला टेकलेली, जिभेनं तिखट. येताजाता मला चिडवायची. "भाऊ, तुमच्या टीव्हीत मी कशी दिसतो जी? बारीक दिसतो का?"

"ठिपका दिसता तुम्ही."

"मंग बरं हाये. घरी तं तेवढीही दिसत नाही."

एका दुपारी शेठजी माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. स्क्रीनवर एकाच खांबापाशी चौदा लाल ठिपके. "या बाया खांबाला बांधल्या का रे?" ते हसले, पण मग खाली गेले. मी मागं मागं. खिळ्यावर कार्डांचा घोस लटकत होता.

"कुणी शिकवलं हे?"

तेरा जणी खाली पाहू लागल्या. ती बोलली. "आमी कायले टांगू आपल्या मनानं? या भाऊनंच सांगतलं. गळा कापला जाईन म्हने."

शेठजींनी माझ्याकडं पाहिलं. मशीनचा आवाज होता. ऐकू आलं नाही असंही दाखवता आलं असतं. मी म्हणालो, "मी असं काही सांगितलं नाही."

तिनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. "नाही सांगतलं?"

मी खिळ्याकडं पाहत राहिलो.

"बरं," ती म्हणाली. बस, एवढंच.

जिच्या मानेवर वळ उठला होता, तीही गप्प राहिली. तिला मी कोणत्या तोंडानं दोष देऊ?

बाकीच्यांना फितवलं म्हणून शेठजींनी तिला काढलं. कार्ड बंद करायचं काम माझं. सॉफ्टवेअर कारण विचारतं: काम सोडलं, आजारी, नियम मोडला. मी 'नियम मोडला' निवडलं. तिची नोंद लाल झाली. आठवड्याभरानं मीच सुचवलं की कार्ड गळ्यात नको, दंडावर शिवलेल्या खिशात द्या. शेठजी चारचौघांत म्हणाले, "डोकं आहे याला."

इथवर तरी घाबरलो होतो असं म्हणता येईल. पुढच्याला तेही नाही. मुकुटबनकडं शेठजींची दुसरी जिनिंग आहे. सॉफ्टवेअर दोन्हीकडं एकच. पुढच्या हंगामात ती तिथं काम मागायला गेली. गेटवरच्या माणसानं मला फोन केला. "तुमच्याकडची एक बाई आलीये. नोंद लाल दाखवून राह्यली. घेऊ का?"

समोर कुणी नव्हतं. शेठजी नव्हते, मशीन नव्हती. मी म्हणालो, "नोंद आहे तशी आहे." तिला गेटवरूनच परत पाठवलं.

परवा मारेगावच्या बाजारात ती मेथीच्या जुड्या घेऊन बसलेली दिसली. मी वळणार तोच तिनं हाक मारली. "भाऊ, आता त्या खिळ्याले काय टांगता?"

"काही नाही."

"मले तं वाटलं, उपटला असन."

मी एक जुडी घेतली आणि निघालो. घरापर्यंत नुसती हातात धरून होतो.

तिची नोंद आजही लाल आहे. शेठजींनी मंजुरी दिल्याशिवाय ती बदलता येत नाही, आणि मंजुरी मागायची तर कारण सांगावं लागेल. त्याच खांबापाशी, शेठजी आणि त्या तेरा जणींसमोर, तिला बोलावून 'मी सांगितलं होतं' एवढं म्हणण्याचं देणं मी तिला लागतो. अजून म्हटलेलं नाही.