मंचाची पायरी

मित्रांनो, आज मुक्तिसंग्राम दिन. पुंडलिकनगरहून आईला घेऊन आजोळच्या हुतात्मा स्मारकावर गेलो होतो. तिचे वडील रझाकारांशी लढताना गेले. दगडावरच्या त्यांच्या नावाला ती दरवर्षी कुंकू लावते.

यंदा सरकारी निधीतून तिथं चकचकीत ग्रेनाइट बसवलंय. त्यावर सोनेरी अक्षरांत उद्घाटकांची नावं. हुतात्म्यांचं एकही नाही.

"जुना दगड कुठंय?" आईनं विचारलं.

"तो काय, मंचाला पायरी केलाय," एक कार्यकर्ता म्हणाला.

दगड पालथा होता. पाहुणे बूट घालून त्यावरून चढत होते. आईनं चपला काढल्या अन् त्या पायरीवर जाऊन बसली.

"मावशी, सरका, साहेबांना वर जायचंय."

"जाऊ दे की दुसरीकडून. इथं माझा बाप हाय."

तुमच्या गावचा जुना दगड कुठंय, बघितलंत का?