आप्पांच्या गाडीचं तेल

आप्पा कुणालाही आधी "कसे आहात?" असं विचारत नसत. "तेल कधी बदललंत?" असं विचारत. माणसाची प्रकृती काय, कुणीही डॉक्टर बघून घेईल. इंजिनाकडे बघायला जगात आपल्याशिवाय कुणी नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आमच्याकडे कुणी गाडीवाला पाहुणा आला की तो चहाला बसेपर्यंत आप्पा शेजारच्या क्वार्टरमधून हजर. पाहुण्याच्या गाडीचं बॉनेट उघडून, तेल मोजायची पट्टी बाहेर ओढून, बोटाला लागलेलं तेल दोन बोटांत चोळून ते नाकाशी नेत आणि असा काही चेहरा करत, की पाहुणा चहा अर्धा टाकून बाहेर धावे.

मी लग्न होऊन चंदीगढला आले, तेव्हा पंजाब आणि हरियाणा वेगळे होऊन फार वर्षं झाली नव्हती. पंचकुला म्हणजे नुसती शेतं होती. आमच्या ओळीत मराठी घरं दोनच, त्यामुळे आप्पा आणि माई हे माझं आयतं सासर झालं. आप्पा एका सरकारी प्रयोगशाळेत रसायनांचे जाणकार होते. तिथं मोठमोठ्या इंजिनांचं वापरलेलं तेल तपासून इंजिन आतून किती झिजलंय ते सांगत. काम उत्तमच होतं. पण माणसानं ते ऑफिसात ठेवून घरी यावं की नाही!

त्यांची स्वतःची गाडी विलायती, काळी आणि वयानं माझ्याएवढी. दर महिन्याला तिचा नमुना घेण्याचा सोहळा होई. आधी गाडी सुखना तलावापर्यंत नेऊन आणायची, कारण थंड तेलात गाळ तळाशी बसतो. मग पट्टीच्या भोकातून बारीक रबरी नळी सोडून खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत थोडं तेल ओढायचं. एक थेंब टिपकागदावर टाकून तो कागद व्हरांड्यातल्या दोरीवर चिमट्यानं लटकवायचा. लोकांच्या दोरीवर बनियनं वाळत, माईंच्या दोरीवर काळे डाग वाळत. जुन्या बाटल्या फेकायच्या नाहीत. त्या स्वयंपाकघरातल्या फडताळात, मुरांब्याशेजारी.

"एका रिपोर्टावरून काही कळत नाही," आप्पा मला शिकवत. मी विचारलेलं नसे. "मागच्याशी ताडून बघायचं. लोखंड वाढलं तर सिलिंडर झिजतोय. शिसं आणि तांबं वाढलं तर बेअरिंग. माती आली तर हवेची जाळी फाटलीय. इंजिन न उघडता सगळं कळतं."

"आणि गाडी चालवून काय कळतं?" मी विचारलं.

"चालवून कळेपर्यंत उशीर झालेला असतो."

म्हणून ते चालवतच नसत. ऑफिसला सायकलनं जात. रिपोर्ट चांगला आला तर तो बिघडू नये म्हणून गाडी घरी; वाईट आला तर वाईट आला म्हणून घरी. कोपऱ्यावरच्या गॅरेजचे सरदारजी रोज हात जोडून म्हणत, "साबजी, तेल बाद विच वेखणा, पहलां गड्डी तां चलाओ!" तेल नंतर बघा, आधी गाडी तर चालवा, म्हणणाऱ्या त्या माणसाकडे आप्पा दयेनं बघत.

खोटं कशाला बोलू, एकदा त्यांनी आमच्या ह्यांच्या साहेबांची जीप वाचवली होती. तेलात पाण्याचा अंश सापडला, गॅस्केट गेलेलं निघालं, आणि साहेबांनी चारचौघांत आप्पांचा हात हातात घेतला. झालं! त्यानंतर आप्पांच्या शेजारी राहणं म्हणजे काय शिक्षा होती, ते मलाच ठाऊक.

माई मात्र कधी तक्रार करत नसत. त्यांचा एकच छंद होता. संध्याकाळी गच्चीवर जायचं आणि उत्तरेचे डोंगर बघायचे. अंधार पडला की कसौलीचे दिवे लुकलुकत. "अगं, एवढं जवळ आहे, पण एकदाही गेले नाही," त्या म्हणत. बस त्यांना लागे. कालक्यापर्यंतसुद्धा पोटात काही राहत नसे. टॅक्सीचं नाव काढलं की आप्पा दुखावत: घरात गाडी असताना टॅक्सी? गाडी होती, पण दर वेळी काहीतरी वाढलेलं असे. कधी लोखंड, कधी माती. आणि आता दोन-तीन रिपोर्टांत शिसं सारखं चढत होतं. "बेअरिंग सपाटीवर चालेल, चढ सोसणार नाही," आप्पांनी जाहीर केलं. सुटे भाग विलायतेहून यायचे, म्हणजे यायचेच नाहीत.

तशात आप्पांच्या बदलीचा हुकूम आला. नागपूर. महिनाअखेर निघायचं. माई त्या दिवशी गच्चीवरून लवकर खाली आल्या. जेवताना त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "जाण्याआधी एकदा कसौली?"

"परवा नमुना देतोय," आप्पा म्हणाले. "शिसं वाढलं नसेल तर बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी विरजण मागायला गेले, तर माई स्वयंपाकघरात स्टोव्ह पालथा घालून त्याची काजळी चमच्यानं खरवडत होत्या. ओट्यावर आप्पांनी सकाळीच भरून ठेवलेली नमुन्याची बाटली, आता रिकामी, धुऊन लख्ख. शेजारी नव्या तेलाचा डबा.

"माई! हे काय?"

"बघतेस काय, चमचा धर," त्या म्हणाल्या. "नवं तेल मधासारखं दिसतं गं. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या माणसाला संशय येईल. जरा रंग यायला हवा." काजळी कालवून त्यांनी बाटली उजेडात धरली. रंग खरंच फर्मास आला होता. जन्मभर रश्शाला रंग आणणाऱ्या बाईला तेल काय जड! मला तर उकळ्या फुटत होत्या. आप्पांची जिरवायलाच हवी होती एकदा.

रिपोर्ट आला. आप्पांनी व्हरांड्यात उभ्यानं वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग आत माईंकडे बघितलं. माई खाली मान घालून पालक निवडत होत्या, देठांसकट.

"छान आहे," आप्पा म्हणाले. "रविवारी निघू."

आम्हालाही बरोबर घेतलं होतं; मी आणि हे मागच्या सीटवर, माई पुढं आप्पांशेजारी. पिंजोर गेलं, कालका गेलं, चढ लागला. माईंनी दशम्या आणि लोणचं बांधून घेतलं होतं, पण त्यांचं लक्ष खिडकीबाहेर. धरमपूर सोडलं आणि इंजिनातून ठक-ठक ऐकू यायला लागलं. मला ऐकू आलं, तर आप्पांना आलं नसेल? त्यांनी गाडीचा वेग आणखी कमी केला. ह्यांनी विचारलं, "आप्पा, परत फिरायचं का?" आप्पा म्हणाले, "तिकडे बघा, चिडाची झाडं सुरू झाली."

बैलगाडीच्या वेगानं आम्ही कसौलीला पोचलो. माई कठड्याशी उभ्या राहिल्या. खाली लांबवर मैदान पसरलेलं. "आपली गच्ची कुठं असेल हो?" त्यांनी विचारलं. आप्पांनी बोट दाखवलं. धुक्यात काहीच दिसत नव्हतं, तरी माई कितीतरी वेळ त्या बोटाकडे बघत राहिल्या. माईंना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

उतरताना परवाणूच्या अलीकडे खाडकन आवाज झाला आणि इंजिन जाम झालं. कायमचं. एका ट्रकवाल्यानं दोर बांधून गाडी ओढायला घेतली. आप्पा स्टिअरिंग धरून बसले होते. माईंना रडू आवरेना.

"अहो, माझंच चुकलं. मी ना, ते तेल..."

"तेलाचं काय घेऊन बसलीस?" आप्पांनी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "रिपोर्ट चुकतात गं कधी कधी. दशमी उरलीय का?"

गाडी भंगारात गेली. ठरल्या दिवशी आम्ही त्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो. माई आमच्या ह्यांच्याकडून सामान लावून घेत होत्या. मला राहवलं नाही.

"आप्पा, खरंच चुकला होता रिपोर्ट?"

"रिपोर्ट कशाला चुकतोय? इंजिनात काजळी झाली की तिच्याबरोबर लोखंड येतंच. लोखंडाशिवाय नुसती काजळी स्वयंपाकघरात होते. वाचलं तेव्हाच कळलं."

"मग गाडी काढलीत कशाला?"

आप्पांनी डब्यातल्या माईंकडे एकदा बघितलं.

"समोरचा डोंगर बघायला जायचं, तर माझ्या बायकोला मला चोरून काजळी कालवावी लागली. ते वाचल्यावर बेअरिंगचं काय घेऊन बसायचं, पोरी?"

शिट्टी झाली तसे ते डब्यात चढले, आणि माईंना त्यांनी खिडकीजवळ बसवलं.