गोरी बया

फ्रेमवाल्या सुमनताईंनी आरसा दिला, चित्र टांगायला दुकानातली एक भिंतही दिली, म्हणून व्यक्तिचित्रांची कामं मिळवायला मी नमुना काढू शकले. सातवीत शाळा सुटलेली, गाव दूर, इथे शहरात ओळखीचं कुणी नाही. समोर बसायला कोण मिळणार? मग स्वतःलाच पेस्टल खडूंनी रंगवलं. हे फसलं तर परत गावी जावं लागणार होतं.

ताई म्हणाल्या, "नाकडोळे तुझेच गं, पण ही गोरी बया कोण?"

आरशात पाहिलं, तर मी सावळी, कागदावरची गोरी. आधी फोटो स्टुडिओत कामाला असताना लोकांचे चेहरे उजळवणारा माझा हात माझ्यावरही फिरला होता. माणसाला स्वतःचा रंगसुद्धा असा नकळत पुसता येतो?

ताईंनी तपकिरी खडू पुढे केला. "घाबरतेस काय? लाव."

ताई, एक दिवस तुमचं चित्र काढून देईन, तुमच्याच सावळ्या रंगात.