सोमवारचा लाल किल्ला

विठूकाकाचा फोन आला तेव्हा मी दिल्लीत, ऑफिसच्या कँटीनमध्ये चहाच्या रांगेत उभी होते. विठूकाका म्हणजे बाबांबरोबर पंचवीस वर्षं भिंती बांधलेला त्यांचा जोडीदार गवंडी. त्याने मला आयुष्यात कधी फोन केला नव्हता. "बाय, बाबाक जरा बरां ना. येशीत मगे?" एवढंच बोलला आणि ठेवला... खरं तर तिथेच कळायला हवं होतं. आमच्या पेडण्याकडे कुणी फोनवर 'गेला' असं सांगत नाही. 'बरां ना' म्हणतात आणि माणसाला घरी पोचू देतात. सहा वर्षं दिल्लीत राहून मी एवढी साधी रीत विसरले होते. मी विमानाचं तिकीट काढलं आणि वर शहाणपणा करून चार दिवसांनंतरचं परतीचंही काढून ठेवलं. मोप्याच्या विमानतळाबाहेर विठूकाका मला न्यायला आला होता. सुतकातल्या माणसासारखा तो अनवाणी होता. तेवढं पाहिलं आणि मी तिथेच बॅगेवर बसले.

त्याला आता नऊ आठवडे झाले. पेडण्याजवळ एका घराचं काम चालू होतं. दुपारी जेवून बाबा सावलीला टेकले, विठूकाकाकडे पाणी मागितलं आणि तो कळशीतून पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. भांडं हातात धरून आपण कितीतरी वेळ उभेच होतो, असं तो सांगतो.

गावात त्यांना गोविंद गवंडी म्हणत. आमचं घर केरीत, नदीच्या अलीकडे. पलीकडे तेरेखोलचा किल्ला. फेरीबोटीसाठी उभं राहिलं की समोर दिसतो, त्यामुळे आम्हाला कुणालाच त्याचं अप्रूप नव्हतं, एक बाबा सोडून. तेही बांधकाम आपल्याच चिऱ्याचं, म्हणायचे. चिरा म्हणजे आमच्याकडचा तांबडा दगड. आयुष्यभर त्यांनी तोच रचला. ओळंबा सोडून बघायचे आणि भिंत बोटभर जरी कलली असली तरी घरमालक 'राहू दे हो' म्हणत असताना वरचे दोन थर उतरवून पुन्हा बांधायचे. माणूस तसा गमत्या, पण भिंतीच्या बाबतीत महाखाष्ट. कुणाचं नवं घर बघायला गेले की बाहेर थांबायचेच नाहीत, सरळ आत. "भायल्यान सगळ्याच भिंती बऱ्या दिसतत. भितरल्यान बघूची," हे त्यांचं ठरलेलं. आणि दुसरा हट्ट सोमवारचा. सोमवार आमच्या देवाचा वार. पायाचा पहिला चिरा सोमवारी, चौकट उभी करायची ती सोमवारी, मला शाळेत घातलं तेही सोमवारी. आईला बघायलासुद्धा सोमवारीच गेले होते म्हणे.

दरवर्षी पंधरा ऑगस्टला टीव्हीवर लाल किल्ला दाखवतात. बाकीचे झेंडा बघत, भाषण ऐकत. बाबा खुर्ची पुढे ओढून मागची भिंत बघत. तोही तांबडा, पण आपल्या चिऱ्यासारखा भोकाभोकांचा नव्हे, मग कसला दगड? एवढ्या उंचीला सांधे कसे धरले असतील? आत जाऊन बघायला पाहिजे, म्हणायचे. मला दिल्लीत नोकरी लागली तेव्हा आई रडली. बाबांनी फक्त अंतर विचारलं, "लाल किल्लो तुज्या हापिसासून पयस?"

बोलावायला मी पाच वर्षं लावली. कधी माझं घर लहान होतं, कधी कामाचा रगाडा, कधी त्यांचं बांधकाम अर्धं होतं. शेवटी गेल्या थंडीत ते एकटेच आले. आईने गाय सोडून यायला नकार दिला. पिशवीत कोकमाची सोलं, खोबऱ्याची कापं आणि पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, बारा उंडे. दोन दिवसांच्या प्रवासात पाव वाळून लाकूड झाले होते. आम्ही ते चहात बुडवून खाल्ले, आणि बाबा प्रत्येक घासाला "बरो आसा मगो?" विचारत होते.

शनिवारी कुतुबमिनार. तिथे येणारा प्रत्येक जण मान वर करतो. बाबा आल्या आल्या उकिडवे बसले आणि बुंध्याशी सांध्यावरून नख फिरवू लागले. पहारेकऱ्याने शिटी मारली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता लिहिताना वाटतं, शिटी मारू दे की... बसू द्यायचं होतं त्यांना. हुमायूनच्या मकबऱ्यात ते आत शिरले ते बाहेर येईनात. मी पायऱ्यांवर फोनवर ऑफिसशी बोलत होते. तासाभराने आले ते एका गाईडला बरोबर घेऊनच. त्याला विचारत होते, एवढे गवंडी कामावर होते, तर ते जेवायला कुठे बसत? गाईडला बादशहा पाठ होते, हे ठाऊक नव्हतं. "इतक्या माणसांक जेवाक सावळी जाय न्हय?" सावली तरी हवीच, असं बाबा वाटेत मला दोनदा म्हणाले. मी "हं" म्हटलं.

रविवारी लाल किल्ल्याला जाऊ, असं मी म्हटलं होतं. ते ऐकेनात. "बरां काम सोमारा." म्हणून रविवारी आम्ही इंडिया गेटवर शेंगदाणे खाल्ले आणि सोमवारची मी रजा टाकली. सोमवारी दुपारी त्यांची परतीची गाडी होती. सकाळी त्यांनी अंघोळ करून इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, केरीच्या दिशेने, म्हणजे त्यांच्या अंदाजाने माझ्या फ्रिजच्या दिशेने, हात जोडले आणि आम्ही निघालो.

लाल किल्ला सोमवारी बंद असतो. दिल्लीतलं शेंबडं पोरही हे सांगेल. मला ठाऊक नव्हतं, कारण पाच वर्षांत मी स्वतः एकदाही तिकडे फिरकले नव्हते. दारावरच्या शिपायाने हात हलवला. बाबांना आधी समजेना. "सोमार म्हणान बंद? आमगेर सोमारा देवाचां दार सुद्दां उघडां आसता!" मग थोडा वेळ कठड्याला धरून खंदकापलीकडची भिंत बघत राहिले. "भायल्यान बरी आसा," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "फाल्यां उघडतले मगे? गाडी फाल्यांची करून जायत?"

फाल्यां म्हणजे उद्या. बाबांनी माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट.

"फाल्यां म्हजी मीटिंग आसा, बाबा," मी म्हटलं. "मागीर केन्ना तरी. किल्लो खंय पळान जाता?"

"न्हय न्हय. तो खंय जाता," असं म्हणून ते हसले आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली. ती मीटिंग कशाबद्दल होती ते मला आज आठवत नाही. खूप आठवून पाहिलं... नाही आठवत.

त्यानंतर फोनवर त्यांनी लाल किल्ल्याचं नावही काढलं नाही. मलाही बरंच वाटलं. मग पाऊस आला, गेला आणि विठूकाकाचा तो फोन आला.

बाराव्याला बाबांच्या बरोबर काम केलेले सगळे जमले होते. मी वाढत होते. विठूकाका पानावर बसून शेजारच्याला सांगत होता, "गोविंदान आमकां आख्खो लाल किल्लो दाखयलो, बसल्या जाग्यार. भितर तळां आसा, उन्हाक सुद्दां थंड लागता अशी फरशी आसा. आनी भितरली भिंत भायल्यापरस बरी म्हणतालो. सांद्यात नख जायना." माझ्या हातात भाताचं भांडं होतं. मी म्हटलं, "केन्ना सांगलां?" तर तो म्हणाला, "केन्ना म्हणजे? रोज! जेवाक बसलो की लाल किल्लो."

बोटभर कलली भिंत उतरवणारा माणूस आठ-नऊ महिने सगळ्या गावाला खोटं सांगत होता. का, ते मला कुणी समजावायची गरज नव्हती. गावात विचारत असणार, चेडू, म्हणजे मुलगी, दिल्लीत एवढ्या मोठ्या नोकरीला, किल्ला दाखवला की नाही? हे छापून आलं की केरीत वाचलं जाईल. वाचू दे. ते खोटं बाबांच्या नावावर राहायला नको. ते माझं होतं.

आईला मात्र आधी सांगायला हवं होतं. ती बाहेर सोप्यावर, बाबांनीच बांधलेल्या त्या चिऱ्याच्या बैठकीवर, कुळीथ निवडत होती. मी सगळं सांगितलं, मीटिंगसकट. तिने मान वर केली नाही.

"म्हाका खबर आसा," ती म्हणाली. "त्याच दिसा गाडीतसून फोन केल्लो. आपूण भितर गेलंय म्हणान सांगतलंय, म्हणलो. ना जाल्यार लोक चेडवाक नावां दवरतले."

"आनी तू कांय म्हणलां?"

"हांव कितां म्हणतलंय? ताका फटी मारूक येयनासल्यो. हांवेंच शिकयलां. तळां सांग, थंड फरशी सांग... टीव्हीर पळयल्लां ता. सांगताना चुकलो तर हांव भितरसून खोंकतालंय." फटी म्हणजे थापा; बाबांना त्या आईने शिकवल्या होत्या, आणि ते चुकले की आतून खोकून सावध केलं होतं. मग आई म्हणाली, "तुका सांगूं नाका म्हणलो. तुका वायट दिसतलां म्हणान."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. लहानपणीसुद्धा अशी रडले नसेन.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शांताक्का आपल्या नव्या सुनेला घेऊन भेटायला आल्या. सून सावंतवाडीकडची, तिला आमच्या घरातलं फारसं ठाऊक नव्हतं. बोलायला विषय हवा म्हणून तिने विचारलं, "काका दिल्लीक गेल्ले मगो?" आईने सूप बाजूला ठेवलं. पदराला हात पुसले आणि सांगायला लागली. दार केवढं उंच, हे दाखवायला ती उभी राहिली. भिंतीची जाडी सांगताना तिने दोन्ही हात पसरले, पुरेनात म्हणून एक पाऊल बाजूला सरकून पुन्हा पसरले. नव्या घराची मापं सांगताना बाबा अगदी असेच करायचे. शांताक्कांनी हे पूर्वी ऐकलेलं होतं, तरी त्या ऐकत होत्या.

"दारार ही गर्दी," आई म्हणाली. "हे आपले भियाले. मागीर चेडवान हात धरलो आनी भितर व्हेले." बाबांचा हात धरून मीच त्यांना आत नेलं, असं सांगून ती माझ्याकडे वळली.

"व्हय मगे, बाय?"

सून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "व्हय."